जेनेटिक कौन्सेलर व्हायचंय आणि काम मराठवाड्यातच करायचंय: काय शिकावं, कुठे शिकावं, काम कुठे मिळतं

प्रश्न थोडक्यात असा: नांदेडला बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष सुरू आहे, एमबीबीएस नाही, जेनेटिक कौन्सेलर (आनुवंशिक आजारांबद्दल घरच्यांना समजावून सांगणारा सल्लागार) व्हायचंय. कोर्स कुठला करावा, पैसे मिळतात का, आणि शिकून परत मराठवाड्यात येऊन हे काम करता येईल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे. करता येईल. पण 'जेनेटिक कौन्सेलर पाहिजे' अशी जाहिरात लातूरच्या किंवा परभणीच्या पेपरात येईल म्हणून वाट बघाल, तर ती येणार नाही. आठही जिल्ह्यांत काम भरपूर पडून आहे, पद जवळपास कुठेच नाही. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या बालरोग विभागात, अंबाजोगाईच्या स्त्रीरोग ओपीडीत, जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीत (लहान मुलांतले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र), किनवट-माहूरच्या सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) तपासणीत, आयव्हीएफ सेंटरमध्ये, कॅन्सरच्या वॉर्डात असं ते तुकड्यातुकड्यांनी सांडलेलं आहे. ते गोळा करून आपली जागा तयार करायची असते. त्यासाठी पदवीच्या नावापेक्षा पेशंटसमोर बसून शिकलेले तास जास्त उपयोगी पडतात. कोर्स निवडतानाही हीच एक गोष्ट डोक्यात ठेवा.

एमबीबीएस नसणं ही अडचण नाही. या विषयातला पहिला मास्टर्स कोर्स १९६९ साली न्यूयॉर्कच्या सारा लॉरेन्स कॉलेजात सुरू झाला, तो डॉक्टरांसाठी नव्हताच. डॉक्टरांचा रस्ता वेगळा: एमडीनंतर तीन वर्षांचं डीएम मेडिकल जेनेटिक्स. ते निदान करतात, उपचार ठरवतात. कौन्सेलर निदान करत नाही, औषध लिहून देत नाही. घराण्यातला आजाराचा इतिहास काढणं, धोका आकड्यात मांडणं, कुणाची कोणती टेस्ट आधी करायची ते ठरवायला मदत करणं, टेस्टआधी संमती घेणं आणि रिपोर्ट आल्यावर तो घरच्यांना कळेल असा सांगणं, एवढं त्याचं काम. ऐकायला थोडं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी घोळ नेमका इथेच होतो.

कोर्सचं बघू. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात मेडिकल जेनेटिक्स विभागाचा दोन वर्षांचा एम.एस्सी. जेनेटिक कौन्सेलिंग आहे. हैदराबादला कामिनेनी हॉस्पिटल्समध्ये हा विषय बऱ्याच आधीपासून शिकवला गेला आहे, आणि उस्मानिया विद्यापीठाचं बेगमपेटचं इन्स्टिट्यूट ऑफ जेनेटिक्सही तिथेच. नांदेडकरांना हैदराबाद मुंबईच्या निम्म्या अंतरावर पडतं. शिवाय सीडीएफडी (डीएनएवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था) आणि निम्स रुग्णालयाचा मेडिकल जेनेटिक्स विभाग त्याच शहरात असल्यामुळे इंटर्नशिपचे दरवाजेही जास्त. प्रवेशाच्या तारखा, जागा आणि फी दरवर्षी बदलतात; त्या थेट विभागाला फोन करून विचारा, एजंटाच्या तोंडून नको.

फोनवर तीन गोष्टी विचाराच. आठवड्यात जेनेटिक्सची ओपीडी किती दिवस चालते? विद्यार्थी स्वतः किती केसेस घेतो, की दोन वर्षं नुसता मागे उभा राहून ऐकतो? आणि देखरेख कुणाची, मेडिकल जेनेटिसिस्टची की जीवशास्त्राच्या प्राध्यापकाची? अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कोर्समध्ये विद्यार्थ्याला किमान ५० केसेसमध्ये प्रत्यक्ष भाग घेऊन नोंदवही भरावी लागते. आपल्याकडे तेवढी सक्ती सगळीकडे नाही, पण माप म्हणून तो आकडा चांगला आहे. ज्या कोर्सला यावर सरळ उत्तर देता येत नाही, तिथे लाखभर फी भरू नये. शनिवार-रविवारचे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स वाईट नाहीत, वाचन होतं. पण त्यावर नोकरी मिळेल असं कुणी सांगत असेल तर ते तुमच्या फीसाठी सांगतंय.

तुमचं एक एम.एस्सी. होतच आलंय, मग दुसरं कशाला, असंही मनात येईल. एखाद्या मेडिकल जेनेटिक्स विभागात वर्ष-दीड वर्ष देखरेखीखाली काम मिळत असेल तर दुसऱ्या एम.एस्सी.शिवाय भागतं. तसं मिळालं नाही तर दुसरं एम.एस्सी. करा, वाया जाणार नाही. बोर्ड ऑफ जेनेटिक कौन्सेलिंग, इंडिया ही संस्था प्रमाणपत्र देते आणि लॅबवाले ते मानतात. मात्र डॉक्टर-नर्सच्या नोंदणीसारखा तो कायद्याने मिळालेला परवाना नव्हे. परदेशाचा विचार असेल तर आत्ताच ठरवा: अमेरिकेतल्या बोर्डाच्या परीक्षेला तिथल्या मान्यताप्राप्त कोर्समधून गेलेल्यांनाच बसता येतं, भारतातल्या एम.एस्सी.वर नाही.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात तीन पिढ्यांच्या वंशावळीने होते. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, गेलेल्यावर तिरकी रेघ, गर्भपात झाला तर छोटा त्रिकोण, ज्याच्यामुळे कुटुंब आलंय त्याच्याकडे बाण, नात्यातलं लग्न असेल तर नवरा-बायकोमध्ये दुहेरी रेघ. चिन्हं एका दुपारी पाठ होतात, माहिती काढायला मात्र वर्षं लागतात. सध्या मराठवाड्यात 'वंशावळ' म्हटलं की लोक कुणबी नोंदीसाठी तहसीलला दिलेले कागद काढून दाखवतात. त्यात आजा-पणजा सापडतो, आजी आणि तिचे भाऊ सापडत नाहीत. आपल्याला आईकडची बाजू तितकीच लागते, त्यामुळे कोऱ्या कागदावर नव्याने काढायची.

"नात्यात लग्न झालंय का?" असं विचाराल तर निम्म्या वेळा उत्तर "नाही" येईल. खोटं कुणी बोलत नसतं. मामाची मुलगी करणं ही इथली रीत आहे, तिला कुणी 'नात्यातलं लग्न' म्हणून मोजतच नाही. त्याऐवजी सुनेला विचारायचं, "सासूबाई लग्नाआधी तुमच्या कोण लागायच्या?" ती सहज म्हणते, "आत्या." झालं, दुहेरी रेघ ओढा. लगेच पुढचा प्रश्न: तुमच्या आई-वडिलांचं लग्न कसं झालं, सासू-सासऱ्यांचं कसं? दोन पिढ्या ओळीने मामे-आते भावंडांत लग्न झालेलं असेल तर धोका एका पिढीपेक्षा वाढतो. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे, खाली उदगीर-उमरग्याकडेही, मुलगी सख्ख्या मामालाच दिलेली आढळते; तिथे मुलात दोन्ही बाजूंनी तोच जीन येण्याचा गुणांक १/८ असतो. मामे-आते भावंडांत तो १/१६. मुस्लिम कुटुंबांत चुलत आणि मावस भावंडांतही लग्नं होतात, तेव्हा तिथे प्रश्न दखनीत आणि वेगळा विचारावा लागतो. दखनी, थोडी तेलुगू, तांड्यावरची गोरमाटी (बंजारा बोली) यांतलं जे येत असेल ते सीव्हीत जरूर लिहा. पुण्या-मुंबईच्या उमेदवाराकडे ते नसतं.

"मुलं किती?" या प्रश्नाला जिवंत मुलांचाच आकडा मिळतो. "दिवस किती वेळा राहिले?" असं विचारलं की पडलेले, पोटात गेलेले, आठ दिवसांचे होऊन गेलेले सगळे हिशेबात येतात. हे सासू बाहेर असताना विचारायचं. गेलेल्या मुलाबद्दल "ताप येऊन गेलं" एवढ्यावर थांबायचं नाही. जन्मल्यावर रडलं होतं का, दोन-तीन दिवस नीट प्यायलं आणि मग सुस्त पडलं का, झटके आले का, मान धरली होती का? जन्मल्यावर चांगलं असलेलं मूल दूध सुरू झाल्यावर काही दिवसांत सुस्त होऊन गेलं असेल तर चयापचयाच्या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. लातूर-धाराशिवकडच्या म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, पण "भूकंपाच्या आधी की नंतर?" म्हटलं की १९९३ च्या अलीकडचं-पलीकडचं चटकन सांगतात.

आकड्यांचं एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, कारण मुलाखतीत अशीच गणितं येतात. एका घरात थॅलेसेमिया मेजरचं (आई-वडील दोघांकडून दोष आल्यावर होणारा रक्ताचा आजार) मूल आहे. त्याचा थोरला भाऊ निरोगी, त्याच्यासाठी मामाची मुलगी बघतायत. भाऊ आजारी नाही हे नक्की, म्हणून तो वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जीनची एक प्रत असलेला) असण्याची शक्यता २/३. त्यांची आई वाहक आहेच. मामा तिचा सख्खा भाऊ, त्याची १/२. मामाच्या मुलीची १/४. दोघं वाहक असतील तर दर गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता १/४. गुणाकार: २/३ × १/४ × १/४ = १/२४, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. तीच मुलगी नात्याबाहेरची असती आणि तिच्या समाजात ३० त एक वाहक धरला, तर २/३ × १/३० × १/४ = १/१८०. फरक दिसला? पण खरी गंमत पुढे आहे: दोघांची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) केली की हे दोन्ही आकडे कागदावरच राहतात. एक जरी वाहक नसेल तर धोका जवळजवळ शून्य, दोघं असतील तर सरळ १/४. म्हणून असल्या घरात तपासणीची वेळ साखरपुड्याच्या आधीची.

घराण्यात कुठलाच आजार माहीत नसेल तर मात्र मामे-आते जोडप्याला घाबरवू नका. कोणत्याही जोडप्याला जन्मजात दोषाचा धोका २ ते ३ टक्के असतो, मामे-आते भावंडांच्या लग्नात त्यात साधारण २ ते ३ टक्के भर पडते. याचाच अर्थ शंभरातली ९४ ते ९६ मुलं ठीक असतात. लग्न झालेल्या जोडप्याला "नात्यात का केलंत" म्हणून झापणं हा इथल्या ओपीडीतला जुना रोग आहे. त्याने काही बदलत नाही, जोडपं फक्त परत येत नाही.

१/४ समजावणं सगळ्यात अवघड. "एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली" असा अर्थ हमखास काढला जातो. डब्यात चार चिठ्ठ्या, एक लाल; काढली, पाहिली, परत डब्यात टाकली, पुढच्या वेळी पुन्हा चारच. असं सांगितलं की कळतं. मग त्यांनाच ते उलट सांगायला लावा. सांगता आलं तरच पुढे चला.

रिपोर्ट वाचण्यात लोक जिथे अडकतात ते सांगतो. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली, एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आणि एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साडेतीन टक्क्यांच्या वर (काही लॅब ४ धरतात) म्हणजे बीटा थॅलेसेमियाचा वाहक. पण लोहाची कमतरता असेल तर एचबीए२ खाली येतं आणि वाहक 'नॉर्मल'मध्ये लपतो. आपल्याकडच्या गरोदर बायकांत लोहाची कमतरता ही नेहमीची गोष्ट. त्यामुळे ३.२ ते ३.५ च्या काठावरचा आकडा दिसला तर 'नॉर्मल' लिहून सोडू नका. बाई गरोदर नसेल तर लोह देऊन पुन्हा तपासतात; गरोदर असेल तर थांबायला वेळ नसतो, सरळ नवऱ्याची एचपीएलसी करायची. मुलाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर त्याच्या रिपोर्टात दात्याचं रक्त मोजलं जातं. तीन महिने थांबा किंवा आई-वडिलांचं तपासा. सिकलसेलमध्ये सोल्युबिलिटी टेस्ट (प्राथमिक चाळणीची झटपट टेस्ट) पॉझिटिव्ह म्हणजे आजार असं समजून पोरीचं लग्न मोडल्याची उदाहरणं होतात. ती टेस्ट वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतेच. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशनमध्ये ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. तपासणी होईल, कार्डही मिळेल, पण कार्डाचा अर्थ सांगणारा माणूस लागतोच.

जीनच्या रिपोर्टात पाच पायऱ्या असतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधली, म्हणजे व्हीयूएस, हाती आली की डॉक्टरही गोंधळतात. तिच्यावरून गर्भाबद्दल निर्णय घ्यायचा नसतो. आई-वडिलांची तीच जागा तपासायची, आजारी भावंडात ती आहे का बघायची आणि वर्षा-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारायचं.

आता नमुन्यांचं, कारण मराठवाड्यातला नमुना पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जातो आणि वाटेतच अर्धे घोळ होतात. डीएनए टेस्टला जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी, कॅरिओटाइपला (गुणसूत्रांची तपासणी) हिरव्या टोपणाची सोडियम हेपॅरिन. उलटं झालं की कॅरिओटाइपला पेशी वाढत नाहीत, आणि हेपॅरिन पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) आडवं येतं. गर्भजलाचे पहिले एक-दोन मिली टाकून द्यायचे, कारण त्यात आईच्या पेशी येतात. नंतर १५ ते २० मिली निर्जंतुक नळीत. फ्रीझ करायचं नाही, एक-दोन दिवसांत लॅबला पोचायला हवं. शुक्रवारी संध्याकाळी कुरिअरला दिलेला नमुना सोमवारपर्यंत कुठल्या तरी गोदामात पडतो, म्हणून तपासणी शक्यतो सोमवार ते बुधवार. सोबत आईचं ईडीटीए रक्त हवंच, मिसळ झाली का ते तपासायला. आणि गर्भपात झालेलं ऊतक कधीही फॉर्मलिनमध्ये टाकू नये, निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवावं. लेबर रूममध्ये फॉर्मलिनची बाटली हाताशी असते, सलाइनची सूचना कुणी दिलेली नसते. एक छापील कागद तिथल्या भिंतीवर लावणं हे तुमचं पहिल्या महिन्यातलं सगळ्यात उपयोगी काम ठरेल.

याच्याच जोडीला एनआयसीयूतली (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) सवय लावा. आनुवंशिक आजाराचा संशय असलेलं बाळ हाताला लागत नाही असं दिसलं की, नातेवाइकांची परवानगी घेऊन, ते जाण्याआधी ३-५ मिली ईडीटीए रक्त काढून डीएनए साठवायला पाठवायचं. दोन वर्षांनी तेच जोडपं पुन्हा दिवस राहिल्यावर येतं, तेव्हा त्या बाळातला दोष माहीत असेल तरच गर्भाची नेमकी तपासणी होते. नसेल तर "काहीतरी रक्ताचं होतं" यावर कुठलीच लॅब काही करू शकत नाही.

वेळेचा हिशेब हा कामाचा कणा. सीव्हीएस (वारेचा छोटा तुकडा काढून तपासणी) ११ ते १३ आठवड्यांत, अॅम्निओ (गर्भजल काढून तपासणी) १५ आठवड्यांनंतर. जलद टेस्टचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत, कॅरिओटाइप आणि मायक्रोअॅरे (गुणसूत्रांतले बारीक कमी-जास्त तुकडे शोधणारी टेस्ट) दोन-तीन आठवडे, एक्झोमला (जीन्सचे प्रथिनं बनवणारे भाग एकदम वाचणारी टेस्ट) त्याहून जास्त. समजा १९ व्या आठवड्यात अॅनॉमली स्कॅनला (गर्भातले दोष बघायची सोनोग्राफी) हृदयात दोष दिसला. बीडला दिसला, संभाजीनगरला पाठवलं, घरच्यांनी चार दिवस घेतले, अॅम्निओ होईतो २० संपले, रिपोर्ट २३ व्या आठवड्यात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर एमटीपी (गर्भपाताच्या) कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोघांचं, आणि २४ नंतर गर्भात गंभीर दोष असेल तरच मेडिकल बोर्ड. म्हणजे पहिल्या भेटीतच कॅलेंडर पुढ्यात घेऊन शेवटच्या तारखेपासून उलटं मोजायचं. एनआयपीटी (आईच्या रक्तातून गर्भाची तपासणी) दहा आठवड्यांनंतर करता येते, पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. ती पॉझिटिव्ह आली म्हणून कुणी थेट गर्भपाताकडे निघालं तर आधी अॅम्निओ असं ठामपणे सांगावं लागतं.

कायद्याचा भाग इथे विशेष जपून. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. त्यामुळे पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा) कागदाकडे प्रशासन बारकाईने बघतं, आणि बघायलाच हवं. या १९९४ च्या कायद्याखाली जेनेटिक कौन्सेलिंग सेंटरचीसुद्धा नोंदणी लागते. अर्ज नमुना ए, प्रमाणपत्र बी, कौन्सेलिंग सेंटरच्या नोंदी डी, लॅबच्या ई, क्लिनिकच्या एफ, आणि सुई घालून करायच्या तपासणीची संमती जी. नोंदणीसाठी मेडिकल जेनेटिसिस्ट, किंवा जेनेटिक कौन्सेलिंगचा सहा महिन्यांचा अनुभव वा चार आठवड्यांचं प्रशिक्षण असलेले स्त्रीरोग किंवा बालरोगतज्ज्ञ हवेत. 'मेडिकल जेनेटिसिस्ट'च्या व्याख्येत जीवशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्या क्षेत्रातला दोन वर्षांचा अनुभव यालाही जागा आहे, पण त्या भरवशावर एकट्याने पाटी लावू नका. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी विचारा. आणि सुरुवातीची काही वर्षं नोंदणीकृत डॉक्टरांच्या छत्राखालीच काम करा.

ड्यूशेन (स्नायू झिजत जाण्याचा आजार) किंवा हिमोफिलियासारखे (रक्त नीट न गोठण्याचा आजार) लिंगाशी जोडलेले आजार गर्भात तपासायला कायद्याची परवानगी आहे. लिंग सांगायला नाही. शब्दाने, खुणेने, कशानेच नाही. "बाळाला आजार आहे" किंवा "नाही" एवढंच सांगायचं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० पर्यंत दंड आहे. आजोबा पेढ्यांचा बॉक्स घेऊन "फक्त एवढं सांगा" म्हणतात, तेव्हा उत्तर तयार हवं.

याच आजारांत दोष सुनेवर येतो. आईकडून आलं म्हटलं की सासरी तिचं राहणं अवघड होतं. ड्यूशेनच्या साधारण एक तृतीयांश मुलांत बदल नव्यानेच झालेला असतो, आई वाहक नसतेच. तेव्हा आईची टेस्ट होण्याआधी "आईकडून" हा शब्द काढू नका. ती वाहक निघाली तर आधी तिला एकटीला सांगा, घरच्यांना काय आणि कसं सांगायचं ते तिच्याशी ठरवा. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात. मावशीला, बहिणीला धोका असेल तर तिला तपासणीला आणण्यासाठी पेशंटच्याच हाती पत्र द्यायचं. तुम्ही परस्पर फोन करायचा नाही. बीड, धाराशिव, जालन्याकडची ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावरच असतात. तीन आठवड्यांचा रिपोर्ट येईपर्यंत ती सांगली-कोल्हापुरात किंवा कर्नाटकात. नमुना घेतानाच कुठल्या कारखान्याला जाणार ते आणि बाईचा स्वतःचा किंवा तिने सांगितलेल्या माणसाचा नंबर लिहून घ्या. मुकादमाच्या फोनवर रिपोर्ट सांगू नये, तो किती का भला असेना.

"तुम्ही आमच्या जागी असतात तर काय केलं असतं?" हा प्रश्न रोजचा. टाळलं तर ते दुखावतात, उत्तर दिलं तर निर्णय तुमचा होतो. "दोन्ही रस्त्यांनी गेलेली घरं असतात, तुम्हाला कशाची भीती जास्त वाटते ते सांगा" असं म्हणून बोलणं त्यांच्याकडे वळवायचं. पण तपासणी कुठे करावी, नमुना कधी द्यावा, यावर मात्र स्पष्ट सल्ला द्या. तटस्थतेच्या नावाखाली तिथेही गुळमुळीत बोलणं हा आळस आहे.

पैशाचं थोडक्यात. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक जेनेटिक लॅबमध्ये असतात: टेस्ट विनंती तपासणं, डॉक्टरांशी बोलणं, फोनवर रिपोर्ट समजावणं, व्हेरियंटचं (जीनमध्ये सापडलेल्या बदलाचं) वर्गीकरण. सुरुवातीचा पगार जुनियर कॉलेजच्या कायम मास्तरापेक्षा जास्त मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. मुलाखतीत एक प्रश्न नक्की विचारा: महिन्याला किती टेस्ट आणायचं टार्गेट आहे का? असेल तर ती विक्रीची नोकरी आहे, नाव काहीही असो. दोन-तीन वर्षांनी परत आल्यावर एका हॉस्पिटलच्या पगारावर बसण्यापेक्षा संभाजीनगरात दोन आयव्हीएफ सेंटर, एक बालरोगतज्ज्ञांचा ग्रुप आणि एक कॅन्सर हॉस्पिटल असं आठवड्याचं वाटप जास्त टिकतं. स्तनाच्या-अंडाशयाच्या कॅन्सरमधल्या बीआरसीए (या कॅन्सरचा धोका वाढवणारे जीन) तपासणीचं काम वाढतंय, तिथे वेळेची घाईही गर्भाइतकी नसते. सरकारी बाजूला आरबीएसकेची (मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम) पथकं आणि डीईआयसी आहेत. तिथे कंत्राटी पदावर दुसऱ्या नावाने शिरावं लागेल, पण केसेस तिथेच सर्वांत जास्त.

सरकारी योजना तोंडपाठ हव्यात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत, म्हणजे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघतं. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या धोरणात नेमून दिलेल्या केंद्रांमधून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम त्यातलं एक, आणि हैदराबादचं सीडीएफडी-निम्स दुसरं. कागद कुठे, कोणत्या खिडकीवर, हे सांगणारा कौन्सेलर घरच्यांना आकडे सांगणाऱ्यापेक्षा जास्त आठवतो.

परीक्षेपर्यंतच्या महिन्यांत हे करा: ओळखीच्या दहा घरांच्या, परवानगी घेऊन, तीन पिढ्यांच्या वंशावळी काढा. नावं खोडून त्या वहीत ठेवा आणि विभागप्रमुखांना भेटायला जाल तेव्हा तीच वही दाखवा. मेंडेलच्या गणितांसाठी बेझची पद्धत (हाती आलेल्या माहितीनुसार शक्यता सुधारून घेण्याची रीत) शिका, वर सोडवलेलं २/३ तिथूनच येतं. जवळच्या डीईआयसीत महिनाभर बसायची लेखी परवानगी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे मागा. अर्जासोबत कॉलेजचं बोनाफाइड आणि गोपनीयतेचं हमीपत्र जोडा. हमीपत्र नसलं की फाइल बाजूला पडते.